गॉडझिला हा मोठा झालेला सरडा नाही

काळा कातळ

काल एक पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. तिचा मथितार्थ असा: गॉडझिला म्हणजे शेवटी किरणोत्सर्गाने फुगलेला सरडा, त्यामुळे १९९८च्या अमेरिकन चित्रपटातल्या अवतारानेच त्याला पहिल्यांदा खऱ्या प्राण्याचं रूप दिलं. बाकी सगळे म्हणजे रबर चढवलेला ढेरपोट्या माणूस. खाली लोक धडाधड "अगदी बरोबर" लिहीत होते. तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

१ मार्च १९५४ला पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर अमेरिकेचा १५ मेगाटनचा हायड्रोजन बॉम्ब फुटला. दाइगो फुकुर्यू मारू या जपानी मासेमारी बोटीवर त्याची पांढरी राख पडली. २३ खलाशी होते. रेडिओ सांभाळणारा आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारला, आणि ३ नोव्हेंबरला 'गोजिरा', म्हणजे गॉडझिलाचा पहिला जपानी चित्रपट, पडद्यावर आला. सुरुवातच एका बोटीने: डेकवर निवांत बसलेले खलाशी, समुद्रातून उसळलेला डोळे दिपवणारा उजेड, मग आग. त्या वर्षी तिकीट काढून बसलेल्या माणसाला हे काय चाललंय ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता रूपाकडे या. त्याचं रूप आखणाऱ्या अकिरा वातानाबेने धड घेतलं टायरॅनोसॉरस आणि इग्वानोडॉन या डायनोसॉरांवरून, पाठीवरचे पंखे, म्हणजे उभ्या चकत्या, स्टेगोसॉरसचे. जीवशास्त्राच्या हिशेबात ही खिचडीच आहे. दोन पायांवर उभ्या राहणाऱ्या प्राण्याला ते पंखे कशाला हवेत? पण अंधारात आधी तेच पेटतात, आणि पुढे काय होणार ते आपल्याला कळून चुकतं. कातडी बघा. एकही खवला नाही. गाठी, उकललेल्या भेगा, वितळून परत थिजल्यासारखे वळ. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या अंगावरच्या किलॉइडशी, म्हणजे वाढत जाणाऱ्या जाड व्रणांशी, तिचं नातं नेहमी सांगितलं जातं ते उगाच नाही. समुद्राच्या तळाशी गप पडून असलेल्या जनावराला बॉम्बने भाजून काढलं, आणि तो ती भाजलेली कातडी घेऊन शहरात आला. ही कातडी ज्या डिझाइनमध्ये नाही त्याला मी गॉडझिला म्हणणार नाही. मग तो कितीही चपळ असो.

नीलकिरण

+१. शिवाय ९८वाल्याकडे धड अणुश्वास, तो तोंडातून सुटणारा किरणोत्सर्गी झोत, पण नाही. फुंकर मारतो, गाड्या उडतात. विषय संपला.

सरडेप्रेमी

ती पोस्ट माझी नव्हे, पण माझं मत तेच आहे, तेव्हा उत्तर देतो.

धागाकर्त्यांनी कातडीवर एवढं लिहिलं, पण ती ठरली कशी ते सांगितलं नाही. तो घडवणाऱ्या तेइझो तोशिमित्सूने तीन नमुने केले होते. एक खवल्यांचा, दुसरा मोठ्या चामखिळींचा, तिसरा मगरीच्या पाठीसारखा. निवडला गेला तिसरा. मगरीचा! म्हणजे बनवणारे सरपटणारा प्राणीच शोधत होते. किलॉइड तुम्ही नंतर बघितलंत.

आणि ९८च्या प्राण्यात काय वाईट आहे? त्याचा डिझायनर पात्रिक तातोपूलोसने एक अखंड प्राणी काढला. पाठीचा कणा आडवा, शेपूट तोल सांभाळायला, मांड्या पळणाऱ्या जनावराच्या. बिळात लपतो, मासे खातो, अंडी घालतो. अंड्यांवरून लोक हसले होते. नराशिवाय अंडी कशी, म्हणे. २००६मध्ये इंग्लंडच्या प्राणिसंग्रहालयात कोमोडो ड्रॅगन या भल्यामोठ्या सरड्याच्या मादीने नराशिवाय घातलेल्या अंड्यांची बातमी आली तेव्हा त्यातलं कुणी शब्द मागे घेताना दिसलं नाही. मी बारा वर्षं सरडे पाळतोय. मिलन न होता अंडी घालणारी मादी माझ्याकडेच होती, फक्त ती फळली नाहीत. सरपटणाऱ्यांची ज्यांना किळस येते, त्यांना 'प्राण्यासारखा' हा शब्द शिवीसारखा वाटतो. माझ्यासाठी तो सन्मान आहे.

काळा कातळ

मगरीची निवडली हे मान्य. मला माहीत होतं, लिहायला हवं होतं. पण मगरीच्या पाठीवर ओळी असतात, जणू कुणी आखून दिल्यात. १९५४च्या सूटवर, नटाने आत शिरून घालायच्या त्या पोशाखावर, तशी शिस्त कुठे दिसते? एखादी फ्रेम थांबवून छातीकडे बघा.

तुमच्या अखंड प्राण्याबद्दल: तो सागरी इग्वाना, समुद्रात पोहणारा सरडा ना? सुरुवातीच्या दृश्यांत फ्रेंच पॉलिनेशियातल्या अणुचाचण्या आणि खडकांवर बसलेले इग्वाना दाखवलेत. सागरी इग्वाना फक्त गॅलापागोसला असतात. हजारो किलोमीटर लांब. आणि ते शेवाळ खातात, मासे नव्हे. बारा वर्षं सरडे पाळणाऱ्याला हे खटकू नये?

सरडेप्रेमी

खटकतं. पहिल्यांदा बघितला तेव्हापासून खटकतंय. त्याने डिझाइन वाईट ठरत नाही, पटकथा आळशी ठरते. आणि मूळ चित्रपटातले शास्त्रज्ञ डॉ. यामाने कोट्यवधी वर्षांपूर्वीचा जुरासिक काळ २० लाख वर्षांपूर्वीचा सांगतात, ते तुम्हाला खटकतं का? तिथे तुमची भक्ती आडवी येते.

त्रैराशिक

दोघांच्याही भांडणात खरी गोष्ट राहून गेली. ९८वाला खोटा वाटतो तो इग्वानामुळे नाही, वेगामुळे.

५० मीटरवरून दगड सोडला तर खाली यायला साधारण ३.२ सेकंद लागतात. २ मीटरवरून ०.६४. म्हणजे २५ पट उंच, तर पाचपट वेळ. पाय उचलून टाकणं हेही एक प्रकारे पडणंच असतं. म्हणून प्रचंड प्राण्याची प्रत्येक हालचाल संथ दिसायला हवी. १९५४ची विशेष दृश्यं करणाऱ्या त्सुबुरायाचा सूट २ मीटरचा, शहराची मॉडेल १/२५ मापाची, आणि कॅमेरा जास्त वेगाने फिरवायचा म्हणजे पडद्यावर सगळं सावकाश होईल. पाय टेकतो आणि धुरळा उठतो, तो खाली बसायला वेळ घेतो. डोळ्याला वजन कळतं ते तिथे. ९८वाला टॅक्सीचा पाठलाग करताना कोंबडीसारखा वळतो. साठेक मीटरचा प्राणी तसा वळला तर घोटा जागेवर मोडेल.

बाकी वजनाचे अधिकृत आकडे मला कधीच पटले नाहीत. ५० मीटरला २०,००० टन. मग १९९१ला उंची दुप्पट केली, १०० मीटर. उंची दुप्पट म्हणजे वजन आठपट, १,६०,००० टन हवं. लिहिलं ६०,०००. दोन्ही आकडे एकाच प्राण्याचे असूच शकत नाहीत.

नीलकिरण

उत्परिवर्तित आहे तो. हाडं वेगळी असतील.

त्रैराशिक

हाडांनी घनमापाचा नियम बदलत नाही. पावणेदोन मीटरच्या, ७० किलोच्या माणसाला ५० मीटर उंच करा, वजन १,६००-१,७०० टनांच्या आसपास येतं. गॉडझिला जाडा आहे, शेपूट आहे, चौपट धरा. तरी सात हजाराच्या आत. २०,००० टन म्हणजे तो पाण्याच्या कितीतरी पट घन झाला. असा प्राणी पोहणार नाही, दगडासारखा तळ गाठेल. २०२३च्या चित्रपटात त्याला बुडवायला सागामी उपसागरात फ्रिऑन वायूच्या बुडबुड्यांची योजना आखावी लागते. त्या घनतेचा असता तर बुडबुड्यांची गरजच नव्हती.

नीलकिरण

पण पोहतो ना तो त्यात? आणि काय पोहतो! लाकडी बोटीच्या मागे फक्त डोकं वर काढून येतो, त्या दृश्यात मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. तुमच्या गणिताने त्यातलं काय कमी झालं?

त्रैराशिक

काहीच नाही. आकडे चूक आहेत एवढंच म्हणतोय. दृश्य उत्तम आहे.

मुखवटा

अवांतर होईल, पण "रबर चढवलेला ढेरपोट्या माणूस" हे वाक्य मला झोंबलं.

मी मोठ्या प्राण्यांचे पोशाख घालून कार्यक्रमांत उभा राहिलेला माणूस आहे. चार वर्षं केलं. अस्वल, दोनदा डायनोसॉर. डायनोसॉरचा पोशाख तेवीस किलोचा होता. आत आपलाच श्वास परत तोंडावर येतो. दहाव्या मिनिटाला भुवयांतून घाम डोळ्यांत उतरतो आणि तो पुसता येत नाही, कारण हात पंज्यात अडकलेले. शेपूट मागे ओढते, म्हणून पुढे वाकावं लागतं, कंबर जाते. एकदा आयोजकांनी "फक्त पंधरा मिनिटं" सांगून पन्नास मिनिटं उन्हात उभं केलं. खाली बसलो तर मुलं घाबरतील म्हणून बसूही दिलं नाही. मी आत ओकलो. पोशाख खराब केला म्हणून पैसे कापले.

हारुओ नाकाजिमा या नटाने १९५४ ते १९७२ सूटच्या आत राहून गॉडझिला केला. पहिला सूट १०० किलोच्या वर गेला होता आणि इतका ताठ, की त्यात धड चालता येईना. शेवटी तो कापून फक्त पायांच्या दृश्यांना वापरला. दुसरा त्याहून हलका, तरी आतून घाम ओतून काढावा लागायचा. त्या माणसाने चाल शोधायला टोकियोतल्या उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं बघितली. पाय उचलताना तळवा दिसू द्यायचा नाही, घासत पुढे न्यायचा, हे असल्या निरीक्षणातून येतं. तुम्हाला ढेरपोट्या माणूस दिसतो. मला त्या प्रत्येक पावलात कुणीतरी श्वास मोजताना दिसतो.

सरडेप्रेमी

तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, आणि पैसे कापणाऱ्यांची लाज वाटते. पण कष्ट म्हणजे डिझाइन नव्हे. सूटमुळेच मांड्या माणसाच्या, गुडघे माणसाचे. माणूस आत बसावा म्हणून प्राणी वाकवला गेला.

मुखवटा

हो, आणि म्हणूनच तो उभा राहतो! माणसासारखा उभा राहतो, म्हणून त्याच्याकडे बघताना पोटात गोळा येतो. तुमचा आडव्या कण्याचा प्राणी पळून जातो, अंडी सांभाळतो. जनावराची भीती वाटते ती वाटतेच. पण उभं राहून आपल्या घराकडे चालत येणाऱ्याची वेगळी वाटते.

नीलकिरण

मग २०१६च्याचं काय? तो तर पूर्ण संगणकावर केलाय, ११८.५ मीटर, आणि माझ्या मते सगळ्यात भयानक.

मुखवटा

त्याच्याही हालचाली मानसाई नोमुराने केल्यात. क्योगेन या जुन्या जपानी विनोदी नाट्यप्रकाराचा नट. परंपरागत रंगमंचावर पाय न उचलता सरकत चालणं हे त्याचं घराण्याचं शिक्षण. संगणक नंतर आला, आत माणूस होताच.

नीलकिरण

हे माहीत नव्हतं. बरं.

पण क्षमता हाही डिझाइनचा भाग आहे, त्यावर कुणीच बोलत नाही. १९५४ला तोंडातून वाफेसारखी पांढरी धार निघते आणि विजेचे खांब मेणासारखे वाकतात. २०१६ला आधी काळा धूर, मग आगीचा लोळ, मग तो लोळ बारीक होत होत जांभळी रेघ होते, आणि खालचा जबडा दुभंगतो. नंतर पाठीतूनही किरण. आणि मग तो थिजून उभा राहतो, आतली शक्ती संपली म्हणून. २०२३च्या वेळी पंखे शेपटीकडून एकेक करून बाहेर सरकतात, बंदुकीत गोळी भरल्यासारखे, आणि मग सगळे एकदम आत. तो क्षण! मोजणी चालू आहे हे कळतं आणि पळायला जागा नसते. १९७१ला तोच श्वास खाली सोडून त्याला उडवला, ते मात्र माझ्याच्याने आजही बघवत नाही. निर्माता तानाकाही त्यावर चिडला होता म्हणतात, आणि त्याचं बरोबरच होतं.

काळा कातळ

नीलकिरण, हेच मी म्हणतोय. श्वास ही 'पॉवर' नाही. त्याच्या आत जे भरलं गेलं ते बाहेर पडतंय. ९८वाल्याच्या आत काहीच भरलेलं नाही, म्हणून त्याला फुंकर पुरते. तो पुलाच्या तारांत अडकून क्षेपणास्त्रांनी मरतो, मोठ्या जनावरासारखा. गॉडझिलाचे चित्रपट काढणाऱ्या तोहो कंपनीने २००४मध्ये त्याचं नाव नुसतं 'झिला' करून टाकलं आणि सिडनीत खऱ्याकडून काही सेकंदांत संपवला.

सरडेप्रेमी

"खऱ्याकडून." हा जो शब्द आहे ना, त्यानेच मी इतकी वर्षं वैतागलोय. लहानपणी मी पहिला बघितला तो ९८चाच. शेवटी तो पडतो आणि त्याच्या हृदयाचे ठोके हळू होत थांबतात. मी रडलो होतो. घरातले म्हणाले, राक्षस मेला, रडतोस काय? मला राक्षस दिसलाच नव्हता. पिल्लं मारली गेलेला प्राणी दिसला होता. तेव्हापासून मी सरडे पाळतो. आणि प्रत्येक धाग्यावर कुणीतरी येऊन सांगतं की तुझा खोटा. कोण तुम्ही ठरवणारे?

काळा कातळ

तुमच्या रडण्याला मी खोटं म्हटलेलं नाही. उगाच माझ्या तोंडी घालू नका. तो प्राणी करुण आहे, गॉडझिला नाही, एवढंच. आवाज चढवून मुद्दा बदलत नाही.

सरडेप्रेमी

आवाज तुम्ही चढवलात. पहिल्या ओळीत.

अबोली

सगळं वाचलं. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

धागाकर्ते, तुम्ही किलॉइड हा शब्द चार ओळींत वापरून पुढे गेलात. माझ्या मानेवर आहे. नऊ वर्षांची असताना उकळतं पाणी अंगावर पडलं. भाजलेला भाग तळहाताएवढा होता, आजचा व्रण त्याच्या दुप्पट आहे. किलॉइड जखमेच्या कडेवर थांबत नाही, चांगल्या कातडीवर चढत जातो. एकदा शस्त्रक्रिया करून काढला. दीड वर्षात परत आला, आधीपेक्षा जाड. त्यावर केस नाहीत, घाम येत नाही, उजेडात मेणासारखी चकाकी येते. हवा कोरडी झाली की अशी खाज सुटते, की झोपेत नखं लागतात.

म्हणून "भाजलेली कातडी घेऊन शहरात आला" हे वाचून मला आधी रागच आला. त्या कातडीची माणसं खरीच होती. लोक त्यांच्याशी लग्न करायला, त्यांना कामावर ठेवायला कचरत. त्यांचा व्रण राक्षसाच्या अंगावर चढवायचा आणि त्याला प्रतीक म्हणायचं, हे ज्याच्या अंगावर व्रण नाही त्याला सोपं आहे. मला बसमध्ये बघून पोरं आईच्या मागे लपलेली आहेत.

तरी मी १९५४चा बघितला, दोनदा. रात्रीच्या दृश्यात सर्चलाइट त्याच्या मानेवरून फिरतो तेव्हा ती चकाकी ओळखीची वाटली. मगरीची होती की कशाची, मला त्याच्याशी घेणं नाही. आणि एक गोष्ट लक्षात आली. तो ती झाकत नाही. मी तिशीपर्यंत उन्हातही गळाबंद कपडे घालत होते. तो सगळं अंग घेऊन मधोमध चालतो आणि चित्रपटातलं कुणीही त्याला हसत नाही. शेवटी तो मरतो तेव्हा यामानेंच्या चेहऱ्यावर आनंद नाही. मला एवढं पुरलं.

काळा कातळ

मी ते घाईत लिहिलं. खरं आहे. "प्रतीक" म्हणून हात झटकणं सोपं होतं. माझा मुद्दा मी सोडत नाही, पण तो ज्या शब्दांत मांडला ते शब्द मागे घेतो.

त्रैराशिक

२००१च्या अवतारात डोळे नुसते पांढरे ठेवलेत, बाहुल्याच नाहीत, कारण त्याच्यात युद्धात मेलेल्यांचे आत्मे आहेत अशी कथा. २०१६वाल्याचे डोळे इतके बारीक की तो कुणाकडे बघतोय ते कळतच नाही. १९५४च्याला मात्र नजर आहे. अबोली म्हणतात त्यात या नजरेचाही भाग असावा. गणित बाजूला ठेवून लिहितोय.

नीलकिरण

१९५४ला कानही होते आणि पायाला चार बोटं. १९६२ला कान गेले, बोटं तीन झाली. ८४ला दोन्ही परत आली. कानांनी चेहरा बदलतो, नीट बघा.

सरडेप्रेमी

काल रात्री परत लावला. फ्रेम थांबवून छाती बघितली. ओळी नाहीत. मगरीच्या पाठीवर जशा असतात तशा नाहीत, हे मान्य करतो. सरड्याला भाजलं तर बरी होताना खवले तिथे वाकडेतिकडे येतात किंवा येतच नाहीत. माझ्या एका सरड्याला दिवा लागून भाजलं होतं, त्याची पाठ तशीच झाली आहे. हे मला आधी सुचायला हवं होतं.

९८चा मात्र माझ्यासाठी गॉडझिलाच राहणार. त्यावर वाद नको.

काळा कातळ

नको. मला तो गॉडझिला वाटणार नाही, त्यावरही नको.

सरडेप्रेमी

ठीक.

मुखवटा, एक विचारायचं होतं. नाकाजिमाला आतून दिसायचं कुठून? डोळे तर यांत्रिक होते.

मुखवटा

डोक्यातून नाहीच. नटाचं डोकं त्याच्या गळ्याच्या उंचीला येतं. मानेत बारीक भोकं पाडलेली असायची, तिथून बघायचं आणि तिथूनच थोडी हवा.

अबोली

मानेत? कुठल्या बाजूला?

मुखवटा

समोर, हनुवटीच्या खाली. उजेड नीट पडला असेल तर काही फोटोंत दिसतात.